दप्तर घेऊन दारात: साडेतीन वर्षांच्या मुलाला घरी पाठवण्याचं एक प्रकरण

मुलगा साडेतीन वर्षांचा. पाच आठवड्यांत चौदा वेळा चावला आणि नऊ वेळा वेळेआधी घरी पाठवला गेला. मला बोलावणं आलं तेव्हा केंद्राच्या मुख्य ताईंचा निर्णय जवळजवळ झालेला होता. फोनवर त्या म्हणाल्या, "तुम्ही एकदा बघून जा. म्हणजे आपण सगळं करून पाहिलं, एवढं तरी समाधान राहील."

बालवाडी आणि पाळणाघर एकत्र चालवणाऱ्या केंद्रांना वर्तनाच्या अडचणींबाबत मदत करणं हे माझं काम. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण यात खास असं काहीच नव्हतं. मुलगा असाधारण नव्हता, ताई वाईट नव्हत्या, आई बेजबाबदार नव्हती. तरीही तो वयाच्या चौथ्या वर्षाच्या आत तिसऱ्या जागेतून बाहेर पडण्याच्या बेतात होता. मूल, घर किंवा केंद्र ओळखू येईल असे तपशील वगळले आहेत.

"काढलं" हा शब्द कुणीच उच्चारत नाही

आधीच्या दोन ठिकाणांबद्दल आईला विचारलं, तर ती पटकन म्हणाली, "काढलं नाही हो, आम्हीच काढून घेतलं." मग हळूहळू एकेक वाक्य बाहेर आलं. पहिल्या पाळणाघरात, तो दोन वर्षांचा असताना: "आजचा दिवस घेऊन जा." पुढे: "आठवडाभर घरीच राहू दे, जरा शांत होईल." दुसऱ्या ठिकाणी: "अर्धाच दिवस पाठवा." आणि शेवटी: "त्याच्यासाठी दुसरी चांगली जागा बघा, आमच्याकडे त्याच्याकडे तेवढं लक्ष देता येत नाही." हे शेवटचं वाक्य अगदी मायेने बोललं गेलं होतं. आईने त्यांचे आभारही मानले होते.

निलंबन किंवा हकालपट्टी म्हटलं की डोळ्यांपुढे सही-शिक्क्याचं पत्र येतं. इतक्या लहान मुलांच्या बाबतीत पत्र क्वचितच निघतं. निघतो तो फोन. फोन वाजत राहतो, आईवडिलांच्या रजा संपत जातात, नोकरीच्या ठिकाणी त्यांच्याकडे बघण्याची नजर बदलते, आणि एके दिवशी ते स्वतःच मुलाला काढून घेतात. कागदावर मूल "पालकांच्या इच्छेने" गेलेलं असतं. या बाईंनी पाच आठवड्यांत नऊ वेळा काम अर्धवट टाकलं होतं. मोबाइल थरथरला की हातातली वस्तू खाली ठेवायची सवयच लागली आहे, असं त्या म्हणाल्या. बोलताना फोन पालथा घालून ठेवला होता, पण नजर त्याच्यावरच.

हे एकट्या या घराचं दुखणं नाही. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या वॉल्टर गिलियम यांनी २००५ मध्ये ४० राज्यांतल्या सरकारी मदतीवर चालणाऱ्या बालवर्गांची पाहणी प्रसिद्ध केली. दर हजार मुलांमागे जवळजवळ सात मुलं वर्षभरात कायमची काढली गेली होती. पहिलीच्या आधीच्या वर्गापासून बारावीपर्यंतच्या शाळांतल्या प्रमाणाच्या हे तिपटीहून जास्त होतं. साधारण दहातल्या एका शिक्षिकेने गेल्या वर्षात किमान एक मूल काढल्याचं सांगितलं, आणि मुलींपेक्षा मुलगे साडेचार पटीने जास्त काढले जात होते. या आकड्यात "आजचा दिवस घेऊन जा" नाही. "अर्धाच दिवस पाठवा" नाही. मोजणी फक्त कायमच्या दरवाजाबंदीची होती.

मोठ्या मुलांपेक्षा लहान मुलं जास्त काढली जातात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धक्का बसला होता. आता बसत नाही. शाळेचं शिक्षण सक्तीचं असतं, तिथे मुलाला काढायचं तर नियम आडवे येतात, कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. बालवर्गातला प्रवेश मात्र बहुतेक ठिकाणी केंद्राच्या मर्जीवर असतो. आणि नेमकं हेच वय चावण्याचं, ढकलण्याचं, ओरबाडण्याचं असतं. सांगायचं असतं खूप आणि शब्द असतात थोडे. मनातली लाट अडवायची मेंदूची ताकद तर अजून बरीच वर्षं वाढत राहणार असते. ज्या वयात सगळ्यात जास्त चुका होणार, त्याच वयात मुलाला सगळ्यात कमी संरक्षण, अशी ही गत आहे.

वही

केंद्रात गेल्यावर मी आधी घटनांची वही मागितली. ती नीट ठेवलेली होती, हे मुद्दाम सांगते. अनेक ठिकाणी वहीच नसते. चौदा नोंदी, प्रत्येकीपुढे तारीख, वेळ, कोणाला लागलं, काय केलं. कारणाच्या रकान्यात मात्र एकच सूर: "अचानक चावला", "काही कारण नसताना", "पुन्हा विनाकारण", "मुद्दाम".

मी कारणाचा रकाना हाताने झाकला आणि फक्त वेळेचा रकाना वरून खाली वाचला. चौदापैकी अकरा नोंदी सकाळी अकरा ते साडेअकरा. दोन संध्याकाळी पाचनंतर. एकच इकडची तिकडची.

"अचानक" घडणारी गोष्ट रोज त्याच अर्ध्या तासात कशी घडेल? मुख्य ताई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी वही स्वतःकडे ओढून घेतली, बोट फिरवत तो रकाना दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "हे आम्हीच लिहिलंय." मला त्यांचं कौतुक वाटलं, कारण त्या क्षणी सबब सांगणं सोपं होतं.

अकरा ते साडेअकरा

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यात छोट्या खुर्चीवर बसले. वर्गात अठरा मुलं, दोन ताई (एक मोठ्या, एक धाकट्या) आणि मदतीला एक मावशी. साडेनऊ ते अकरा मुलगा मजेत होता. डब्यांच्या झाकणांची एक पेटी होती, त्यातून नेमकं झाकण शोधून नेमक्या डब्यावर बसवण्यात त्याची पंचवीस मिनिटं गेली. जीभ किंचित बाहेर, तोंडाने श्वास. मोठ्या ताईंनी मागून दोनदा हाक मारली, त्याने मान वळवली नाही. त्या माझ्याकडे बघून खांदे उडवत म्हणाल्या, "बघा, असं ऐकतच नाही."

अकराला आवराआवरीचं गाणं सुरू झालं. खेळणी खोक्यात पडायला लागली, खुर्च्या सरकल्या. एक ताई जेवणाच्या चटया अंथरायला गेल्या. मावशी दोन मुलांना घेऊन शौचालयाकडे. उरलेल्या ताईंनी सोळा मुलांची हात धुण्याची रांग लावली. बोळ अरुंद, नळ दोन, आणि एकच माणूस. कागदावर अठरा मुलांमागे तीन मोठी माणसं होती. प्रत्यक्षात, त्या वीस मिनिटांत, सोळांमागे एक.

तो रांगेत अकरावा होता. मी घड्याळ लावलं. दोन मिनिटं तो भिंतीवरचं चित्र बोटाने गिरवत उभा राहिला. चौथ्या मिनिटाला मागच्या मुलाने त्याच्या पाठीवर डोकं टेकवलं, तो पुढे सरकला. सहाव्या मिनिटाला ताई नळाजवळून म्हणाल्या, "चला, पुढे व्हा." सगळे सरकले, हा नाही. मागच्या मुलीने म्हटलं, "ए, जा ना." हा नाही. तिने दोन्ही हातांनी त्याला ढकललं. त्याचं कपाळ पुढच्या मुलाच्या डोक्यावर आदळलं, पुढच्याने वळून त्याला चापट मारली. आठव्या मिनिटाला मागून पुन्हा धक्का बसला. तो गर्रकन वळला, मुलीचा हात तोंडाकडे ओढला आणि चावला.

ती किंचाळली. ताई वळल्या. त्यांना दिसलं ते एवढंच: तो, तिचा हात, तिच्या हातावर लालभडक अर्धवर्तुळ.

तिला जवळ घेत त्या ओरडल्या. त्यानंतर जे झालं ते मी कितीही प्रकरणं पाहिली तरी विसरणार नाही. तो रडला नाही, पळाला नाही. सरळ दाराशेजारच्या खुंट्यांकडे गेला, टाचा उंच करून आपलं दप्तर काढलं, बूट घातले, डावा उजव्यात आणि उजवा डाव्यात, आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. पुढे काय होतं हे त्याला पाठ होतं.

त्या तासाची माझी नोंद सांगते. धक्के, चापट्या, ओरबाडणं असं एकूण आठ वेळा झालं. त्यातलं एक त्याच्या नावावर. उरलेलं सात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मोठ्या ताई दुपारी माझ्याजवळ बसल्या. चौदा वर्षं हे काम करतात, मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळतात. "सकाळी तो दारात दिसला की माझ्या पोटात गोळा येतो," म्हणाल्या आणि डोळे पुसायला लागल्या. "सारखी नजर त्याच्यावरच असते, आता कोणाला चावेल, आता कोणाला." मी त्यांना गिलियम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१६ चा प्रयोग सांगितला. बालवर्गातल्या शिक्षकांना चार मुलांची चित्रफीत दाखवली, एक गोरा मुलगा, एक गोरी मुलगी, एक कृष्णवर्णीय मुलगा, एक कृष्णवर्णीय मुलगी. वर्तनाच्या अडचणी येतील, लक्ष ठेवा, असं सांगितलं. चित्रफितीत तसं काहीच घडत नव्हतं. नजर कुठे जाते ते यंत्र टिपत होतं. नजर जास्त वेळ खिळली ती कृष्णवर्णीय मुलांवर, विशेषतः मुलग्यावर. कोणाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागलं असं विचारल्यावर ४२ टक्के शिक्षकांनी त्याच मुलाकडे बोट दाखवलं.

तिथला प्रश्न वंशाचा होता, आणि त्याची झळ खरी आहे. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकी शिक्षण खात्याच्या आकडेवारीत, सरकारी शाळांच्या बालवर्गांत कृष्णवर्णीय मुलं १८ टक्के होती, आणि एकाहून जास्त वेळा निलंबित झालेल्यांत ४८ टक्के. आमच्या वर्गातला प्रश्न तो नव्हता. पण नजरेचं वागणं तेच होतं. ज्याच्याकडून खोडीची अपेक्षा, नजर त्याच्यावर. नजर ज्याच्यावर, नोंद त्याची. नोंद वाढली की अपेक्षा आणखी घट्ट होते. ताईंना मी हे दोष देण्यासाठी सांगितलं नाही, आणि त्यांनीही तसं घेतलं नाही. बराच वेळ गप्प बसून त्या म्हणाल्या, "म्हणजे तिने ढकललं ते मला दिसलंच नाही."

घरी पाठवलं की सगळ्यांनाच हवं ते मिळतं

घरी पाठवण्याचा उपाय चुकीचा आहे हे माझं मत ठाम आहे, पण तो टिकून का राहतो हेही समजून घ्यायला हवं. तो त्या दिवसापुरता लागू पडतो. गोंगाट, धक्के आणि ताटकळणं यांतून मुलाची सुटका होते. वर्गाला श्वास मिळतो. ताईंच्या पोटातला गोळा उतरतो. ज्या गोष्टीनंतर लगेच बरं वाटतं ती माणूस पुन्हा करतो, मग तो साडेतीन वर्षांचा असो वा पन्नाशीचा. मुलगा शिकला की चावलं की दार उघडतं. मोठी माणसं शिकली की फोन केला की शांत होतं. प्रत्येक फेरीबरोबर दोघांचाही धडा पक्का होत होता.

आणि एक गोष्ट कोणीच शिकत नव्हतं: रांगेत मागून धक्का बसला तर काय करायचं. ते घरी शिकता येत नाही. घरी रांग नसते.

जिला चावलं त्या मुलीची आई त्या संध्याकाळी मुख्य ताईंच्या समोर उभी होती. "एक तर तो राहील, नाहीतर आम्ही." मुलांना सामावून घ्या असं सांगणारे आमच्यासारखे लोक या आईला फार लवकर विसरतात, आणि ते अन्यायाचं आहे. तिच्या लेकीच्या हातावर दातांची कमान उमटली होती. तिचा राग रास्त होता. तिला सहनशीलतेवर प्रवचन नको होतं, उद्या माझी मुलगी सुरक्षित राहील का, एवढंच उत्तर हवं होतं. मुख्य ताईंनी दुसऱ्या मुलाबद्दल अवाक्षर न काढता तिला सांगितलं, उद्यापासून हात धुण्याची रांग बंद होते आहे, बोळात प्रत्येक वेळी एक मोठं माणूस मुलांच्या उंचीवर बसलेलं असेल, आणि पुढचे दोन आठवडे मी रोज स्वतः तुम्हाला दिवस कसा गेला ते सांगेन. बाई पूर्ण शांत झाल्या नाहीत. पण मुलीला काढलं नाही.

कान

मागून मारलेल्या हाका माझ्या डोक्यात होत्या. तोंडाने श्वास, "पुढे व्हा" न ऐकणं. आईला विचारलं, आधीच्या ठिकाणी काय सांगायचे? पहिलीकडे: "हाक मारली तरी बघत नाही, हट्टी आहे." दुसरीकडे: "स्वतःच्याच तंद्रीत असतो." आता इथे: "ऐकतच नाही." एकच निरीक्षण तीन ठिकाणी झालं आणि तिन्ही ठिकाणी स्वभाव म्हणून लिहिलं गेलं.

कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. दोन्ही कानांच्या पडद्यामागे द्रव साचलेला, उजवीकडे जास्त. लहान मुलांत हे फार आढळतं, अनेकदा सर्दीनंतर. दुखत नाही, ताप नसतो, म्हणून कळत नाही. ऐकू येणं थोडं मंदावतं, आणि तेही कमी-जास्त होत राहतं. शांत खोलीत समोर बसून बोललं तर मूल नीट उत्तर देतं, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. अठरा मुलांच्या गोंगाटात, पाठीमागून आलेलं वाक्य मात्र विरून जातं. बऱ्याच मुलांत हा द्रव तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतो, म्हणून डॉक्टरांनी लगेच काही न करता तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं.

इथे एक धोका होता, तो लिहायलाच हवा. "अच्छा, कान!" म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आई रडली, ताईंनाही वाईट वाटलं. पण कमी ऐकू येणारी सगळी मुलं चावत नाहीत, आणि चावणाऱ्या सगळ्या मुलांचे कान बिघडलेले नसतात. कान हा एक धागा होता. सोळा मुलांची रांग कान बरे झाले तरी तिथेच राहिली असती.

मला जास्त लागलं ते वेगळंच. तीन जागांनी मिळून जवळजवळ दीड वर्ष हे मूल पाहिलं होतं, आणि प्रत्येक जागेने ते पहिल्यापासून पाहिलं होतं. माणसाला मूल कळायला लागतं तोवर मूल बाहेर. त्याच्याबरोबर कागद जात नाही, कारण आई नव्या ठिकाणी जुनी गोष्ट सांगत नाही. कशी सांगेल? प्रवेशच मिळणार नाही. हकालपट्टीत जागा जाते ती दिसते. त्या मुलाबद्दल मोठ्या माणसांना जे उमगत आलेलं असतं तेही पुसलं जातं, ते दिसत नाही.

सहा आठवडे

आम्ही ठरवलं ते थोडक्यात असं. सहा आठवडे वर्तनासाठी घरी फोन नाही. ताप आला किंवा दवाखान्यात न्यावं लागेल अशी दुखापत झाली तरच. आईला रोज संध्याकाळी ठरल्या वेळी दोन वाक्यं: एक आवडलेली गोष्ट, एक घडलेली गोष्ट. रांग रद्द. सहा-सहा मुलांचे गट, बाकीची मुलं चटईवर गाण्यात, आणि तो पहिल्या गटात. बोलण्याआधी खांद्याला हात, मग समोर येऊन, त्याच्या उंचीवर. हाताचा तळवा पुढे करून "थांब" ही खूण साऱ्या वर्गाला शिकवायची, त्याला एकट्याला नाही. आणि ती शिकवायची सकाळी, सगळे आनंदात असताना, बाहुल्यांना धक्के देऊन. रागाच्या भरात कोणतंही मूल नवं काही शिकत नाही. चावलाच, तर आधी लागलेल्या मुलाकडे जायचं. मग त्याला एक छोटं वाक्य: "चावलं की दुखतं. थांब असं कर." जबरदस्तीची माफी नाही.

आणखी एक कलम होतं, ते माझ्या मते सगळ्यात मोलाचं. ताईंपैकी कुणाच्याही डोक्यात वाफ साठली तर त्यांनी दुसरीला नुसतं "पाणी" म्हणायचं आणि दोन मिनिटं बाहेर जायचं. कोणी कारण विचारणार नाही. २००५ च्या त्याच पाहणीच्या आकड्यांत पुढे दिसून आलं की कामाचा ताण जास्त असलेल्या शिक्षिका मुलांना जास्त प्रमाणात काढतात, एका मोठ्या माणसामागे मुलं वाढली की हे प्रमाण वाढतं, आणि वर्गात येऊन मदत करणारा मानसिक आरोग्याचा जाणकार नियमित मिळत असेल तर ते लक्षणीय कमी होतं. या मुलावर उपचार सुरू झाले ते ताईंच्या दोन मिनिटांपासून, असं मला मनापासून वाटतं.

पहिला आठवडा वाईट गेला. चार वेळा चावला, त्यातले दोन एकाच दिवशी. चावल्यावर दार उघडायला हवं होतं, उघडलं नाही, म्हणून त्याने आणखी जोर लावला. हे होणार असं मी आधी सांगितलं होतं, तरी प्रत्यक्षात सोसणं अवघड असतं. गुरुवारी तो दप्तर घेऊन दारात उभा राहिला तो तब्बल वीस मिनिटं. धाकट्या ताई त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या, काही न बोलता. शेवटी त्याने दप्तर त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्या रात्री मुख्य ताईंचा मला फोन आला, "माझ्याच्याने होईल असं वाटत नाही." आम्ही तासभर बोललो. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात स्वतः येऊन अकराचा अर्धा तास सांभाळला.

माझीही एक चूक झाली. हात धुण्याच्या पाच पायऱ्यांची पाच चित्रं मी मोठ्या हौसेने बनवून नेली. त्याने तीन फाडली. पाच चित्रं त्याच्यासाठी नव्हती, माझ्या समाधानासाठी होती. एकच ठेवलं, नळाचं. ते दाखवलं की तो उठायचा.

दुसऱ्या आठवड्यात तीन. पण तिन्ही संध्याकाळी. सकाळ शांत झाली आणि अडचण पाचनंतरच्या वेळेवर सरकली, जेव्हा ताई बदलतात, दोन गट एकत्र येतात आणि दर दोन मिनिटांनी कोणाचे तरी आईबाबा दारात दिसतात. वहीतल्या त्या दोन संध्याकाळच्या नोंदी मी पहिल्या दिवशी पाहिल्या होत्या आणि सोडून दिल्या होत्या. मग त्या वेळेला झाकणांची पेटी बाजूच्या खोलीत, त्याला आणि आणखी दोन मुलांना. तिसऱ्या आठवड्यात एक. चौथ्यात शून्य. पाचव्यात एक, सहाव्यात शून्य. पाचव्या आठवड्यातल्या त्या नोंदीत कारणाचा रकाना असा होता: "मागून दोनदा ढकललं गेलं. पहिल्या वेळी तळवा पुढे केला. समोरच्याने पाहिलं नाही."

कागद

प्रवेशअर्जात एक कलम होतं: इतर मुलांच्या सुरक्षिततेला बाधा येत असल्यास प्रवेश रद्द करण्याचा अधिकार केंद्राकडे राहील. मुख्य ताईंनी विचारलं, हे काढून टाकू का? मी नाही म्हटलं. नुसतं काढलं तर फोन उरतातच. दुसऱ्यांनी काय केलं ते त्यांना दाखवलं. अमेरिकेच्या आरोग्य आणि शिक्षण खात्यांनी डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त निवेदन काढून बालवर्गांतली हकालपट्टी आणि निलंबन संपवण्याच्या दिशेने जायला सांगितलं. तिथल्या गरीब कुटुंबांसाठीच्या 'हेड स्टार्ट' योजनेच्या २०१६ च्या नियमांनी वर्तनाच्या कारणावरून मूल काढण्याला बंदी घातली आणि निलंबन अगदी शेवटचा, तात्पुरता उपाय म्हणून ठेवलं. इलिनॉय राज्याने २०१७ मध्ये कायदा केला: वर्तनावरून काढता येणार नाही, केलेल्या प्रयत्नांची नोंद हवी, आणि दुसरी जागा खरोखरच मुलाच्या हिताची असेल तर तिथवर ठरवून, हात धरून नेलं पाहिजे. मुख्य ताईंचं बोट या तिसऱ्या मुद्द्यावर थांबलं.

नव्या अर्जात आता लिहिलं आहे की वेळेआधी घरी पाठवलेल्या प्रत्येक दिवसाची नोंद होईल, अशा तीन नोंदी झाल्या की बाहेरचा जाणकार बोलावला जाईल, आणि मूल कोणत्याही कारणाने गेलं तरी त्याच्यासोबत एक पानाचं पत्र जाईल. जागा अजून तेवढीच आहे, बोळही तेवढाच अरुंद. आणखी एका मदतनीसाची गरज आहे, ती अजून मिळालेली नाही.

वर्ष संपल्यावर तो इतर मुलांबरोबर, ठरल्या वेळी, पुढच्या शाळेत गेला. द्रव डावीकडचा ओसरला, उजवीकडचा नाही. पत्र मोठ्या ताईंनी हाताने लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. त्यातल्या काही ओळी, दोघींच्या परवानगीने:

"हाक मारण्याआधी खांद्याला हात लावा. उजव्या कानाची तपासणी चालू आहे, बोलताना समोर या. रांगेत पहिला उभा करा, शक्य असेल तर रांग करूच नका. पाचनंतर त्याला फार माणसं सोसत नाहीत. तळवा पुढे केला तर तो तुम्हाला थांबायला सांगतो आहे, थांबा. झाकणं जुळवायला आवडतात. त्याने दप्तर काढलं तर बूट घालायला मदत करू नका. शेजारी बसा."